मान हलली का?

"मान सैल सोड," बाई लेकीला म्हणाल्या. "मागे टेकायचं नाही, कशाला धरायचं नाही. बसमध्ये डुलकी लागलीय असं समज."

"आई, अकराला तो माणूस गाडी बघायला येतोय."

"येऊ दे की! त्याला कोणी अडवलंय?"

लेक मागच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. पुढे स्टिअरिंगसमोर वडील, शेजारी आई. वडिलांचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता. पाच महिन्यांपूर्वी छताला रंग देताना ते शिडीवरून पडले आणि खांद्यातली नस तुटली. पाय ठणठणीत, नजर ठणठणीत, पण हात गेला तो गेलाच. आणि या गाडीत गिअर टाकायचे ते नेमके डाव्या हाताने.

लेक वाईट नव्हती हो. तिने रीतसर विचार केला होता. ही गाडी विकायची, आपोआप गिअर बदलणारी घ्यायची, संपला विषय. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "करा तुम्हाला हवं ते," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारी! उशीचा अभ्रा बदलला तरी वाद घालणारा हा माणूस. तो "हवं ते करा" म्हणाला! गाडी गेली तर जाऊ दे, पण हा माणूस तिच्यामागोमाग जाईल, हे बाईंना स्वच्छ दिसलं.

गल्लीत दोघांना कोणी नावाने हाक मारत नसे. त्या टायपिस्टबाई, हे बसवाले. बसवाल्यांनी जन्मभर शहरात बस चालवली आणि एकच मिजास बाळगली, की आपल्या बसमध्ये उभ्या माणसाला दांडा धरावा लागता कामा नये. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही लाल, छोटी, टर्बोवाली गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारातून आणली. गल्ली हसली. "म्हातारपणी पंख फुटले," म्हणाली.

पण त्या टर्बोने त्यांना पहिल्या महिन्यात रडवलं. आत एक पंखा असतो, तो फिरतोय तोवर गाडी वाघीण. गिअर टाकताना जरा रेंगाळलात की पंखा मंदावतो, गाडी पेंगते, मग एकदम जागी होऊन धक्का देते. घाई करून हिसका मारलात तरी धक्काच. बसमध्ये सावकाश चालून जायचं, इथे झटपट हवं आणि लोण्यासारखंही हवं. बसवाले इरेला पेटले. समोरच्या काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, विश्वास होता तो बायकोच्या मानेवर. शेजारी बसवायचं आणि प्रत्येक गिअरला विचारायचं, "मान हलली का?"

"हलली."

"आता?"

"हलली. आणि डोकंही उठलं."

अशी दोन वर्षं गेली. शेवटी मान हलायची थांबली आणि बाईंना कान फुटले, म्हणजे नवे आले म्हणा. पंख्याची बारीक शिट्टी कुठवर चढली की क्लच दाबायला यांचा गुडघा खाली जाणार, हे त्यांना आधीच कळू लागलं. गाडी चालवायला मात्र त्या कधी शिकल्या नाहीत. गरज काय होती?

आणि म्हणूनच, भिंतीकडे तोंड केलेल्या नवऱ्याला त्यांनी एका पहाटे गदागदा हलवलं. "उठा. तुमचा पाय, माझा हात."

"वेड लागलंय तुला?"

"लागलंय. उठा."

बाजाराच्या मागे मोकळं मैदान होतं. पहिल्या दिवशी गिअरबॉक्स असा करकरला की झोपलेली कुत्री उठून चालती झाली. "अगं ढकलू नकोस!" बसवाले ओरडले. "नुसती वाट दाखव, तो आपणहून जातो!" कित्येक महिन्यांनी ते ओरडले होते. बाईंना इतका आनंद झाला की पुढचा गिअर त्यांनी, खरं सांगायचं तर, मुद्दाम चुकवला.

काल रात्री त्यांनी लेकीला फोनवर पैजच लावली. बाजारातून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं. तुझी मान एकदा जरी हलली, तर किल्ल्या तुझ्या. नाही हलली, तर गाडीचं नाव काढायचं नाही.

"आणि पोलिसाने धरलं तर?" लेकीने आता मागून विचारलं.

"विचारू दे त्याला, गिअर कोणी टाकला म्हणून. सांगेन, मी टाकला. इतकी वर्षं यांच्या संसाराचा गाडा ओढला तेव्हा कोणी परवाना मागितला नव्हता!"

बसवाले गालात हसले आणि त्यांनी चावी फिरवली.

पहिला पडला, दुसरा पडला. गाडी बाजारातून निघाली. बाईंच्या मनगटाची कड बसवाल्यांच्या पँटला लागून होती. गुडघा हलला की हात जाई, बघायची गरज नव्हती. मोकळा रस्ता लागला. शिट्टी चढली, गुडघा गेला, हात गेला आणि तिसरा कधी पडला ते गाडीलाही कळलं नसेल. चौथ्याला लेकीने पर्सवरची पकड सोडली.

मग चढ आला. पुढे एक लादलेला ट्रक धापा टाकत होता. चौथ्यावरून तिसरा नीट आला. पण वळणावर ट्रक आणखी मंदावला आणि तिसऱ्यावरून दुसरा घ्यायची वेळ आली. इथे क्लच दाबल्या दाबल्या उजव्या पायाने चिमूटभर रेस द्यायची असते आणि हाताने त्याच क्षणी जायचं असतं. बाईंचा हात गेला. किंचित उशिरा.

गाडीने पुढे एक डुलकी खाल्ली.

ट्रक बाजूला झाला, टाकी दिसू लागली. मागून लेक हळूच म्हणाली, "नाही हलली."

बसवाल्यांनी गाडी कडेला घेऊन उभी केली. "नाही हलली? मला आरशात दिसली! चांगली बोटभर हलली. माझा क्लच लवकर सुटला."

"तुमचा क्लच बरोबर होता," बाई म्हणाल्या. "माझा हात रेंगाळला."

"मला शिकवतेस? पाय माझा आहे!"

"आणि हात माझा आहे! माझ्या हाताचं मला माहीत!"

"एवढी वर्षं बस चालवली मी..."

"तेच ऐकत आलेय एवढी वर्षं!"

लेक बघतच राहिली. वडिलांचा चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा तट्ट. पाच महिने ती येऊन-जाऊन या माणसाला सूप भरवत होती आणि तो "बरं" म्हणून तोंड उघडत होता. तिचे डोळे भरून आले. तिने फोन काढला. "गाडी बघायला येऊ नका. विकायची नाही. ...नाही हो, गाडी उत्तम आहे. चालवणारे भांडतायत."

बाई गर्रकन वळल्या. "फोन कशाला केलास? मी हरलेय. शब्द म्हणजे शब्द. मला दयेची गाडी नको." त्यांनी किल्ल्या ओढून काढल्या आणि मागे धरल्या.

लेकीने त्या घेतल्या. हातात तोलल्या.

"म्हणजे आता गाडी माझी?"

"तुझी."

"मग मी सांगेन तशी चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. आवाज मात्र चिरकला.

"तर मग खाली चला," लेक म्हणाली आणि किल्ल्या वडिलांपुढे धरल्या. "पुन्हा चढवायची. मान हलायची थांबेपर्यंत."

चढाच्या पायथ्याशी येऊन ते थांबले. बसवाल्यांनी उजव्या हाताने डावा हात मनगटाला धरून उचलला.

"तुझा हात काढ जरा."

बाईंनी काढला. बसवाल्यांनी आपला पंजा गिअरच्या गोळ्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत.

"आता तुझा ठेव वरून. त्यालाही कळू दे."

बाईंनी आपल्या बोटांनी त्यांची बोटं गोळ्याभोवती मिटवली. "जड आहे हो तुमचा हात," त्या फणकारल्या.

"मग? बस चालवलीय त्याने."

गुडघा खाली गेला. मागे लेकीने पर्स पायाशी ठेवली, पाठ सीटवरून सोडवली आणि मान सैल सोडली.