तिसऱ्या भागाची दुबई कॉपी

गुलाबनं कॅसेट थोडी मागं नेली आणि तोच तुकडा पुन्हा लावला. पडद्यावर नवी नवरी विहिरीत पोहरा सोडत होती. दोर सैल पडला, पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज आला, आणि मग खालून कुणीतरी हिसका दिल्यासारखा दोर ताठ झाला. नवरीनं घाबरून वर बघितलं. चित्र तिथंच काळं पडलं.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. बाहेर परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी आचके देत उभी होती, भर दुपारचं एप्रिलचं ऊन होतं, आणि तरी गुलाबच्या मानेवर काटा आला. त्याला स्वतःचाच राग आला. भूत, देव, करणी, भानामती हे सगळं त्याच्या बापानं, तात्यारावानं, धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर टोपलीत भरून विहिरीत टाकलं होतं. अशा बापाच्या पोराला हिंदी सिनेमातल्या दोरानं घाम फोडावा, ही काही मिरवायची गोष्ट नव्हती.

त्यानं ती कॅसेट काढली आणि दुसरी घातली. हाही ‘सूनी बावडी’चा तिसराच भाग, पण मुंबईची कॉपी. हिच्यात नवरीचा तुकडा नव्हता. साधू मंत्र म्हणायचा, विहिरीतली बाई धूर होऊन वर निघून जायची, सगळं गाव कळश्या घेऊन पाण्यावर यायचं आणि सिनेमा संपायचा. शेवट सेन्सॉरनं कापला होता की कॅसेट काढणाऱ्यानं, देव जाणे. दुबईहून आलेली कॉपी पूर्ण होती, स्वच्छ होती, आणि तिच्यात ती बाई मोकळी होत नव्हती.

पहिल्या दोन भागांची निवड सोपी गेली होती. पहिल्या भागाची एक कॉपी टॉकीजमध्ये कॅमेरा लपवून उतरवलेली होती. भूत पहिल्यांदा वर यायला आणि पुढच्या रांगेतला कुणीतरी बिडी ओढायला उठायला एकच गाठ. दुसऱ्या कॉपीत तळाशी जाहिराती सरकायच्या. भूत दात विचकायचं आणि खाली दंतमंजनाचं नाव यायचं, त्यामुळं लोक भ्यायचं सोडून हसायचे. तिसरी नितळ होती, ती त्यानं पिशवीत टाकली. दुसऱ्या भागाच्या एका कॉपीला बुरशी लागलेली, दुसरी बरी, तीही पिशवीत गेली. तिसऱ्या भागापाशी मात्र त्याचा हात अडला.

परवा गुलाबच्या गावच्या दूध संस्थेचा चेअरमन बब्रुवान दुकानात आला होता. आजवर ‘गुलब्या’ म्हणून हाक मारणारा माणूस त्या दिवशी दारातूनच ‘गुलाबराव’ म्हणाला, तेव्हाच काहीतरी शिजतंय हे गुलाबनं ओळखलं.

“ते इहिरीतल्या बाईचं पिच्चर हाय म्हणं तुमच्याकडं. तिन्ही भाग.”

“हायत की.”

“संस्थेच्या गोदामात लावा. दिवसाच. तसंबी पाऊस न्हाय, पाणी न्हाय, कुणाला काय काम हाय? कापी चांगली आणा. आन शेवटाला भूत मोकळं व्हतं न्हवं? मेव्हणा बार्शीला बघून आलाय, त्यो म्हणत व्हता.”

“तुमाला त्याचं काय येवढं?”

बब्रुवाननं खुर्ची पुढं ओढली. आवाज उगीचच खाली आणला.

“देवबुडीत अजून पाणी हाय. गावची इहीर तर आटली. ट्यांकर आला तर आला. पर आमच्या बाया तिकडं पाय टाकंनात. बुडवलेले देव खवळल्यात म्हणत्यात, कुणीतरी रडतंय म्हणत्यात. एकदा पडद्यावर भूत गेलेलं बघितलं की मनातलं बी जाईल. मग संस्थेचं पाणी वढायचं इंजिन बसवून टाकू. गाई पाण्याबिगर मरायला लागल्यात, गुलाबराव.”

देवबुडी म्हणजे भीमनगरची, गुलाबच्या वस्तीची विहीर. तात्यारावानं आणि इतरांनी घरचे देव तिच्यात टाकले, तेव्हापासून गावानं तिला हे नाव दिलं. पुढं भीमनगरच्या गड्यांनी ती खोल खणली, तेव्हा ते देव गाळाच्या पाट्यांतून वर येऊन उकिरड्यावर गेले होते. पण गावाच्या लेखी ते अजून पाण्यातच होते आणि रात्री रडत होते. खरं तर देव बुडायच्या आधीही गावातलं कुणी त्या विहिरीवर येत नव्हतं. तेव्हाचं कारण वेगळं होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. आता कायद्यामुळं ते कारण चारचौघांत बोलता येईना, म्हणून भूत बरं पडलं. भूत पुढं केलं की विटाळाचं नाव तोंडातून काढावं लागत नाही. आणि तहान लागली तेव्हा चेअरमनला ते भूत व्हिडिओवरच्या साधूकडून घालवायचं होतं. साप मरायला हवा होता आणि काठीही मोडायला नको होती.

गुलाबला याचं हसू आलं असतं, पण इंजिनाचं नाव ऐकून तो पाण्याचा हिशेब करायला लागला. देवबुडीचा झरा बारीक झाला होता. भीमनगरच्या बाया जमलेलं पाणी घराघराला वाटून घेत होत्या, आंघोळी कधीच बंद झाल्या होत्या. त्या झऱ्यावर इंजिन बसलं तर आठ दिवसांत विहीर तळ दाखवणार, आणि मग भीमनगरची माणसं कुठं जाणार? नाही म्हणावं, तर बब्रुवान बार्शीहून दुसरा व्हिडिओवाला आणणार, आणि त्याच्याकडं मुंबईचीच कॉपी असणार. म्हणून गुलाब हो म्हणाला होता.

शटर ओढताना त्यानं तिसऱ्या भागाच्या दोन्ही कॅसेट पिशवीत टाकल्या. तिथं गेल्यावर बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. पेंडीचा वास, घामाचा वास, आणि पत्रा तापून आत भट्टी झालेली. दूध मोजायच्या टेबलावर टीव्ही ठेवला होता. समोर गडीमाणसं, भिंतीकडं बाया, आणि दाराशी, नेहमीसारखी, भीमनगरची मंडळी. पहिल्या भागाला लोक आधी हसले, मग गप्प झाले. दुसऱ्या भागाला बब्रुवानची आई तुळजाबाई पदराआडून एका डोळ्यानं बघत होती आणि शेजारणीचा दंड सोडत नव्हती.

दुसरा भाग संपला. गुलाब मशीनचं झाकण उघडून स्पिरिटनं हेड पुसत बसला. पुसायला फारसं काही नव्हतं, तरी तो पुसत होता. बब्रुवान जवळ येऊन वाकला.

“पुढच्याचा शेवट ग्वाडच हाय न्हवं?”

“तुमी म्हणला तशी चांगली कापी आणलीय.”

बब्रुवान मान हलवून जागेवर गेला. गुलाबनं पिशवीत हात घातला. दोन्ही कॅसेट हाताला सारख्याच लागत होत्या. दाराशी त्याची आई सरुबाई बसली होती. सकाळीच ती म्हणाली होती, “भुताचं पिच्चर दावतोस व्हय? बाप असता तर काय म्हणला असता?” आणि तो म्हणाला होता, “धंदा हाय, आई.” आता त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं आणि दुबईची कॅसेट आत ढकलली.

साधू आला, मंत्र झाला, धूर वर गेला. गोदामात एकदम सुस्कारे सुटले. कुणीतरी हात जोडले. बब्रुवान उठून उभा राहिला. त्याला आता दोन शब्द बोलायचे होते. आणि पडद्यावर नवी नवरी हातात पोहरा घेऊन विहिरीवर आली.

दोर ताठ झाला तेव्हा तुळजाबाई किंचाळली. तिच्यामागं सगळ्या बाया किंचाळल्या, आणि पडदा काळा पडल्यावर अंधारात माणसं एकमेकांना तुडवत दाराकडं धावली. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी कुणी एकटं घरी गेलं नाही.

गोदाम रिकामं झालं तसा बब्रुवान गुलाबच्या अंगावर आला.

“शेवट असा कसा? मेव्हण्यानं बघितला त्यात असं न्हवतं!”

“त्यांनी मुंबईची बघितली. ती कापलेली हाय. चांगली कापी आण म्हणला, म्हणून पुरी आणली.”

“दुसरी व्हती तुझ्याजवळ?”

“व्हती.”

‘गुलाबराव’ कुठल्या कुठं गेला. बब्रुवाननं आईवरून एक शिवी घातली आणि पोत्याला लाथ मारून तो निघून गेला. गुलाब वायर गुंडाळत राहिला. मनातून तो खूश होता. इंजिन तर लांबच, आता गावातलं कुत्रंही देवबुडीकडं फिरकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच विहिरीकडून गलका ऐकू आला. तो तसाच बाहेर आला आणि बघतच राहिला.

विहिरीच्या कट्ट्यावर सरुबाई दोर धरून उभी होती. कट्ट्याच्या खाली, चार हात लांब, गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. आजवर कधी आल्या नव्हत्या आणि आज आल्या, त्या भूत बघून आल्या. रात्री टँकर आलाच नव्हता. तहान भुतालाही भीक घालत नाही, एवढं साधं गुलाबनं धरलं नव्हतं.

सगळ्यांच्या पुढं तुळजाबाई होती. तिचे ओठ सुकले होते.

“सरुबाई, घाल गं माय वाईच पाणी. आमाला काय वर येववत न्हाय. काल बघितलं न्हवं, कसा दोर वढला तिनं? तुमाला तिची सवय हाय. तू वरनंच घाल, आमी खाली घागर धरतो.”

भीमनगरची एक तरणी सून फिसकन हसली.

“धरा की मग. आमच्या सासवा बी तशाच धरत व्हत्या.”

खोटं नव्हतं ते. देवबुडी उथळ होती, शिमग्यालाच आटायची, त्या काळात सरुबाई गावच्या विहिरीच्या कट्ट्याखाली अशीच उभी राहायची. वर कुणाला दया आली तर धार पडायची, अर्धी घागरीत आणि अर्धी अंगावर. नाही आली, तर ऊन डोक्यावर येईस्तोवर थांबून रिकामं परतायचं. आज तुळजाबाई खाली होती आणि आई वर. गुलाबला आतून गोड वाटलं. बापानं बघायला हवं होतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

सरुबाईनं पोहरा वर घेतला. तसं खाली सगळ्या घागरींची तोंडं पुढं झाली. पण तिनं पाणी ओतलं नाही. ती गुलाबकडं वळली.

“चेअरमन काल वरडत व्हता. दुसरी कापी व्हती म्हणं तुझ्याजवळ, बिनभुताची?”

“व्हती.”

“मग ही का लावली?”

गुलाबनं आवाज खाली आणला. “इंजिन बसवणार व्हते, आई. आपल्याला पाणी पुरलं नसतं.”

“मग इंजिन न्हाय बसू देत म्हणायचं. घागरी न्या, इंजिन न्हाय. आमी समद्या बाया म्हणलो असतो. पाणी राखायला तुला भूत लागलं व्हय रं? तात्यारावाच्या पोराला?”

ती काही ओरडून बोलली नव्हती. तरी गुलाबला वाटलं, सगळ्या भीमनगरानं ऐकलं. त्याला मान वर करवेना.

सरुबाई भरलेला पोहरा घेऊन कट्ट्याच्या पायऱ्या उतरली. बाया दोन पावलं मागं सरल्या. तिनं पोहरा तुळजाबाईच्या पायांशी जमिनीवर ठेवला.

“म्या वरनं घालायची न्हाय. कुणाच्याच वंजळीत न्हाय आन घागरीत बी न्हाय. ह्यो घ्या पोहरा आन आपल्या हातानं वता.”

तुळजाबाई पोहऱ्याकडं बघत राहिली.

“अगं, पर...”

“आडातच न्हाय, तर पोहऱ्यात कुठनं येतंय भूत?”

यावर कुणी हसलं नाही. आता मध्ये विहीर नव्हती, दोर नव्हता, बुडवलेले देव नव्हते. सरुबाईच्या हातचा पोहरा होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. तुळजाबाईनं मागं वळून बायांकडं बघितलं. कुणी नजर देईना. तिनं पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकून ती खाली वाकली, आणि तिचा दुसरा हात पोहऱ्याच्या कडीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

सरुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला घाई नव्हती.

या बायांना इथून लांब ठेवायला कालपर्यंत धडपडणारा गुलाब आता श्वास रोखून त्या सुरकुतलेल्या हाताकडं बघत होता. आठ दिवसांत पाणी संपलं तर संपू दे, पण म्हातारीनं तो पोहरा उचलावा, असं त्याला फार, फार वाटत होतं.