नाव घरी येईपर्यंत

मी एक जुना लाकडी टब आहे. माझ्या अंगाला अजून खाऱ्या माशांचा वास येतो, असं म्हणणारे लोक आमच्या गावात आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. माझ्यात मासे एकदाच भरले होते, आणि त्याला आता शंभराच्या वर वर्षं झाली.

मित्रांनो, जन्मतः मी टब नव्हतो. स्कॉटलंडच्या एका बंदरात एका कारागिराने ओकच्या एकोणीस फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या, त्यांना चार लोखंडी कड्या ठोकल्या आणि चांगलं छातीएवढं पिंप तयार केलं. तेच मी. जहाजात बसून मी हडसनच्या उपसागरावर, आमच्या नदीच्या मुखाशी उतरलो. मासे संपल्यावर मी गोदामामागे उन्हापावसात पडून राहिलो. आणि मग एके दिवशी हेक्टर लॅम्बी करवत घेऊन आला.

हा लॅम्बी प्रथम आमच्याकडे आला तो लोखंडाची खाण शोधायला. येताना कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने एक हलत्या चित्रांचा कॅमेरा आणला होता. खाण काही सापडली नाही. कॅमेऱ्याने मात्र त्याला पुरतं धरलं. पहिल्या हिवाळ्यात त्याची सगळी फिल्म थंडीने काचेसारखी कडाकडा मोडली. दुसऱ्या खेपेला त्याची होडी उलटली. तेव्हा तो स्वतःचे बूट नदीला देऊन कॅमेऱ्याची तिवई घेऊन बाहेर आला. स्वतःचे दोन पाय उघडे ठेवून लाकडाचे तीन पाय वाचवणारा माणूस म्हणून लोक वर्षभर हसले. सदा मान तिरपी करून त्या पेटीत डोळा घालतो, म्हणून त्याचं नाव पडलं वाकडमान्या. तिसऱ्यांदा आला तो फिल्म धुण्याचं सगळं सामान घेऊन. तेव्हा त्याला टब हवा होता. त्याने मला कमरेत कापलं. माझा वरचा अर्धा भाग चुलीत गेला. मला वाईट वाटलं, पण कापताना तो माझी माफी मागत होता, हे मी विसरलेलो नाही.

फिल्म धुवायला किती पाणी लागतं, हे चित्रं बघणाऱ्यांना कधी कळत नाही. एका रिळाला पन्नास बादल्या. त्या नदीवरच्या बर्फात भोक पाडून आणायच्या. कोण बादली काठोकाठ आणतो आणि कोण पाऊण, हे मला बरोबर ठाऊक असे. सगळ्यांत रिकामी बादली लॅम्बीचीच असायची. त्याचं निम्मं पाणी त्याच्याच विजारीवर असे. त्यातून सगळ्यांच्या अंगात हरणाच्या कातड्याचे अंगरखे. त्यांचे केस झडून पाण्यात पडत आणि ओल्या फिल्मला चिकटत. केसाएवढा केस पडद्यावर ओंडक्याएवढा दिसतो. म्हणून आसिवाक माझ्या काठाशी बसून एकेक केस बोटांनी वेचून काढी.

आसिवाक म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत चांगली शिवणारी म्हातारी. तिच्या धाकट्या मुलावरच लॅम्बीचं सगळं चित्र चाललं होतं. मुलगा देखणा, हसरा आणि भलता घाईचा. लॅम्बी तिला 'म्हातारे' म्हणे, ती त्याला 'पोरा'. पोराला शिव्या घालायला तिला कुणाची परवानगी लागत नसे. फिल्म गारठून मोडू नये म्हणून कोऱ्या आणि भरलेल्या रिळांचे डबे लोक अंगरख्याच्या आत, पोटाशी धरून ठेवत. त्यातला मुख्य डबा नेहमी आसिवाककडे. लॅम्बीचं पोर मी पोटात वाढवतेय, असं ती चारचौघांत म्हणे आणि तो कानापर्यंत लाल होई.

मार्चमध्ये त्या मुलाने बर्फातल्या भोकाशी सील मारला. भाल्याचा दोर असा ओढला गेला की तो उताणा पडला आणि पडल्या पडल्या हसला. लॅम्बीने ते सगळं टिपलं. रीळ डब्यात, डबा म्हातारीच्या पोटाशी. चौथ्या दिवशी वारा फिरला. मुलगा बाहेरच्या बर्फावर होता; तो बर्फ किनाऱ्यापासून सुटला आणि त्याला घेऊन समुद्रात गेला. लोकांनी आठ दिवस शोधलं. त्याची बायको कियुगाक तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती.

लॅम्बी सांत्वनाला आला तेव्हा माझ्यासमोरच मोठी चूक करून बसला. चांगला मुलगा होता म्हणून सांगताना त्याने त्याचं नाव घेतलं. एकदा नाही, चार वेळा. खोलीतली माणसं एकेक करून उठली आणि बाहेर गेली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव नवं मूल जन्मून त्याला मिळेपर्यंत कुणी तोंडातून काढत नाही. नाव माणसाला घेऊन वाटेवर असतं. हाक मारून त्याला मध्येच थांबवायचं नसतं. म्हणून मीही अजून तुम्हाला ते सांगितलेलं नाही. थोडा धीर धरा.

लॅम्बीला हे कळलं तेव्हा तो फार ओशाळला. पण त्याची खरी अडचण पुढेच होती. ते शेवटचं रीळ म्हणजे त्याच्या तीन खेपांचं सार. त्याच्याशिवाय चित्र म्हणजे नुसते कुत्रे आणि बर्फ. आणि तो डबा म्हातारीने परत दिलाच नव्हता. झोपताना, शिवताना, मासे चिरताना तो तिच्या अंगरख्यात असे. न धुतलेली फिल्म जास्त दिवस ठेवली तर विटते, हे लॅम्बी तिला सांगू बघे, आणि अर्धं सांगून बादली उचलून बाहेर जाई.

ऑगस्टमध्ये जहाज आलं. आमच्याकडे जहाज वर्षातून एकदाच येतं. शहरातल्या ज्या लोकांनी त्याला खर्चाला दिलं होतं त्यांचं पत्रही आलं: या वर्षी चित्र आणा, नाहीतर आम्हाला विसरा. जहाज चार दिवस थांबणार होतं. कियुगाकचे दिवस भरायला अजून दोनेक आठवडे होते. तीन दिवस लॅम्बी किनाऱ्यावर येरझारा घालत राहिला. चौथ्या दिवशी तो धुण्याच्या खोलीत आला आणि माझ्या काठावर बसला. म्हातारी समोर शिवत होती.

"म्हातारे, मला जायला हवं," तो म्हणाला.

"जा की. कुणी धरलंय?"

"डबा लागेल."

तिने अंगरख्यात हात घातला, डबा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. तो गरम होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"तुझाच आहे. ने," ती म्हणाली. "पण आत माझा मुलगा आहे, तो निनावी जाईल, पोरा. तुमच्या गावात कुणी त्याला हाक मारली, तर तो वळणार कसा?"

 बाहेर जहाजाचा भोंगा झाला. लॅम्बी उठला आणि डबा तिच्या हातात परत देऊन म्हणाला, "थंड करू नकोस."

"इतके महिने केला नाही तो आता करीन?" म्हातारी म्हणाली. पण सुई ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

जहाज गेलं.  आपण मूर्खपणा केला असं लॅम्बीला वाटत असावं, आणि मलाही तसं वाटत होतं. मी काही संत नाही.

चौदा दिवसांनी कियुगाकला मुलगी झाली. बातमी ऐकून लॅम्बी म्हातारीकडे धावला. मुलगी! आता पुढच्या मुलाची वाट बघायची की काय? त्याने चाचरत विचारलं तेव्हा म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. नावाला कुठे दाढीमिशा असतात, असं तिने त्याला विचारलं. मग तिने बाळ उचललं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हाक मारली, "माक्पा."

तर मित्रांनो, त्याचं नाव माक्पा. आणि तिचंही.

दुसऱ्या दिवशी ते रीळ माझ्यात धुतलं गेलं. बादल्या आणायला सगळं गाव होतं, आणि सगळ्या काठोकाठ. फिल्म कडेला थोडी विटली होती. मध्ये ती स्वच्छ होती. चित्र दाखवायचं ठरलं तेव्हा यंत्र ठेवायला उंच जागा नव्हती, म्हणून मला उपडं केलं. हाताने फिरवायच्या त्या यंत्राची खडखड माझ्या एकोणीसही फळ्यांत भरली. भिंतीवर टांगलेल्या पांघरुणावर बर्फ उजळला, आणि त्यावर तो आला. वाकला, भाला मारला, उताणा पडला, हसला.

कुणी हुंदका दिला नाही. कियुगाकने फक्त डोळे मोठे केले. म्हातारीच्या मांडीवर बाळ जागं होतं. तिने त्याचं तोंड पडद्याकडे वळवलं.

"बघितलंस, लेका?" ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं होतं तुला, दोर मनगटाला गुंडाळू नकोस म्हणून. ऐकशील तर शपथ. आता या खेपेला तरी जरा सावकाश घे."

यंत्र फिरवणारा लॅम्बीचा हात थांबला. पडद्यावर माक्पा हसता हसता तसाच राहिला. दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळेल, म्हणून लोकांनी ओरडून त्याला भानावर आणलं.

पुढच्या वर्षी तो चित्र घेऊन गेला. मोठ्या शहरांत ते चाललं, असं नंतर कळलं. चित्र सुरू होताना दिसणाऱ्या पहिल्या पाटीवर माक्पाचं नाव घालण्यासाठी तो तिथल्या लोकांशी भांडला म्हणे. तो पुन्हा आला नाही. उष्ण देशात कुठेतरी चित्र काढताना तापाने गेला, असं जहाजावरच्या कुणीतरी सांगितलं. त्या वर्षी आमच्याकडे जन्मलेल्या एका मुलाला 'लॅम्बी' म्हणून हाक मारतात. तो पाणी सांडतच मोठा झाला.

माझं काय झालं? जे होतं तेच. बरीच वर्षं माझ्यात कुत्र्यांचं खाणं कालवलं गेलं. उरलेल्या दोन कड्यांपैकी एक गंजून पडली. पोरांनी मला उतारावरून लोळवलं. मग एके दिवशी माक्पाने, म्हणजे त्या मुलीने, मला उचलून शाळेत आणलं. ती तिथे शिकवत असे. आता माझ्यात हॉकीच्या काठ्या असतात.

मध्यंतरी शहरातल्या संग्रहालयाची माणसं आली. त्यांनी मला मोजलं, माझा फोटो काढला आणि एक चिठ्ठी चिकटवून गेली: 'टब. लाकडी. वापर अज्ञात.' माक्पा तेव्हा खूप म्हातारी झाली होती. तिने काठी टेकत येऊन ती चिठ्ठी खोडली आणि खाली बारीक अक्षरात सगळ्यांची नावं लिहिली. पाणी आणणाऱ्यांचीसुद्धा. जागा पुरेना, तेव्हा बाकीची माझ्या फळीवरच लिहिली.

मित्रांनो, मला पुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात एखादा जुना फोटो असेलच. त्यातल्या ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याच्यावर बोट ठेवा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कोण? आजच विचारा. आणि नाव फोटोच्या मागे लिहून ठेवा. पेन्सिलीने लिहा, शाई पाण्यात पसरते.