असील

"हे गाणे अश्लील आहे, हे तुला कबूल आहे का?" शिरस्तेदारांनी पुण्याच्या स्वच्छ बोलीत विचारले.

प्रश्न मनकर्णा माळिणीला होता. अमरावतीच्या कचेरीत ती वांगी विकायलाही कधी शिरली नव्हती. खुर्चीत गोरा साहेब, दाराशी लाल पागोट्याचा शिपाई, आणि कानावर पडलेला शब्द अर्धाच ऐकू आला. असील. तो तिला ठाऊक होता. असील म्हणजे अस्सल. असील कोंबडा, असील बियाणे.

"व्हय मायबाप," ती घाईने म्हणाली. "असीलच हाये. माह्या मायचं, तिच्या मायचं. त्यात खोट नाई."

"झाली कबुली!" फिर्यादी खुशालराव दलाल मांडीवर थाप मारून म्हणाले.

माघात त्यांच्या मुलाचे लग्न झाले. नवरीकडच्या बायांनी रीतीप्रमाणे मनकर्णेला पुढे केले. विहिणीला गाण्यातून चार शिव्या दिल्याशिवाय पंगत गोड लागत नाही. हेच खुशालराव पूर्वी अशी गाणी ऐकून पोट धरधरून हसत. पण विलायतेने कापूस मागितला, दलालीत घर दुमजली झाले, आणि घराबरोबर अब्रूही एक मजला चढली.

साहेब काहीतरी बोलला. "म्हणून दाखव," शिरस्तेदार म्हणाले.

"अठी? हे बायाइचं गानं हाये जी. अठी तं एकबी बाई नाई."

"म्हण. नाहीतर तुरुंगात जाशील."

डोळे मिटून तिने सूर लावला. 

*इहीन आली वं, कापसाच्या बंडीत,*
*चोळी उसवली तिची भर मंडीत.*
*अडत्या धावला घेऊन सुईदोरा,*
*इहीन म्हने, जरा हळू टाका मारा.*

बंडी म्हणजे बैलगाडी, अडत्या म्हणजे दलाल, असे शिरस्तेदार साहेबाला सांगत गेले. शिपाई हसला. ओसरीवरचे पक्षकार हसले. मांडवातल्या हसण्याला हळदीचा वास असायचा. या हसण्याला डोळे होते, आणि ते तिच्याच चोळीवर होते. तिने पदर घट्ट ओढला.

"त्या शब्दाचा मतलब काय जी?" तिने हळूच विचारले.

शिरस्तेदारांनी मान कागदात घातली. "वंगाळ. चारचौघांत लाज वाटावी असे."

"मंग मांडवात नव्हतं जी," ती पुटपुटली. "अठी झालं."

हे त्यांनी साहेबाला सांगितले नाही. पुन्हा गायलीस तर कैद, एवढी ताकीद मिळून ती सुटली.

वैशाखात तिच्या भाचीचे, सत्यभामेचे लग्न लागले. बायांनी परात आणून मनकर्णेपुढे ठेवली. नव्या विहीणबाई पाटावर ऐटीत बसल्या, वाट पाहून कंटाळल्या.

"काहून वं मनकर्णाबाई, मले शिव्या नाई देत? मी का परकी हावो?"

बाया खिदळल्या. मनकर्णेने तोंड उघडले. मांडवाच्या मेढीआड कुणाचे तरी लाल पागोटे हलले. पाहुणाच होता, पाणी मागत होता.

तिचा एक हात परातीवर ठेका देत राहिला. दुसऱ्याने छातीशी पदर आवळून धरला होता. नुसता ठेकाच चांगला घटकाभर चालला, आणि विहीणबाई कान देऊन बसून राहिल्या.