बातमीचा नंबर

गुरुवारी दुपारी नगरपालिकेच्या तळमजल्यावरची अडगळीची खोली बातमीबाईच्या ताब्यात असे. खोलीत पाय मोडलेल्या खुर्च्या, गंजलेली दोन कपाटं आणि मधोमध एक टेबल. आवाज घुमू नये म्हणून तारमास्तरांनी चारी भिंतींना सभागृहातले जुने जाड पडदे टांगले होते. इतकी वर्षं भाषणं ऐकून पडदे बहिरे झालेत, आता त्यांच्यासमोर काहीही बोला, असं ते म्हणायचे.

तारमास्तर म्हणजे पालिकेचे टेलिफोन सांभाळणारे. आणि बातमीबाई म्हणजे सगळ्या विभागांत फिरून आठवड्याच्या बातम्या गोळा करणारी, त्या लिहिणारी आणि वाचणारीही तीच. पालिकेच्या निम्म्या लोकांना बसायला टेबल नव्हतं. कुणी रस्त्यावर, कुणी गटारात, कुणी दिव्याच्या खांबावर. त्यांनी कागद कुठे वाचायचा? म्हणून एक नंबर ठेवला होता. तो फिरवला की बातमीबाईचा आवाज यायचा आणि आठवड्याच्या बातम्या सांगायचा. हळूहळू गावालाही तो नंबर माहीत झाला. पाणी कधी जाणार, कुठला रस्ता खणणार, हे लोक तिथेच ऐकू लागले.

त्या गुरुवारी बातम्या नेहमीसारख्याच होत्या. नदीपलीकडच्या वस्तीत टाकी धुणार, म्हणून शनिवारी सकाळी पाणी नाही, भरून ठेवावं. वाचनालयाच्या जिन्याला एकदाचा कठडा बसला. रोलर चालवणारे काका निवृत्त होतायत, आणि शेवटच्या दिवशी रोलर घेऊन आपल्या घरावरून एक चक्कर मारायची त्यांची विनंती मंजूर झाली आहे. दिवाबत्ती खात्यात एकाला जुळ्या मुली झाल्या. कर भरण्याच्या खिडकीपाशी एक हिरवी छत्री सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी.

छत्रीपाशी तिला ठसका लागला.

"पुन्हा घ्यायचं?" तिने विचारलं.

"राहू द्या," तारमास्तर म्हणाले. "माणूस बोलतंय असं तरी वाटेल. नाहीतर तुम्ही वाचायला लागलात की वाटतं, पाण्याचं बिल बोलतंय."

चार वाजता बातम्या लाइनीवर चढल्या. ती वर येऊन जागेवर बसली. तारमास्तरही मागोमाग साहेबांना भेटायला आले. साहेब म्हणजे माहिती खात्याचे अधिकारी, स्वभावाने गरीब, फक्त तक्रारींना फार घाबरायचे. त्यांच्या हातात एक तक्रार होतीच.

"नदीपलीकडच्या एका बाई आल्या होत्या," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी दिवसभर नंबर लावला, एंगेज. पाणी जाणार हे कळलंच नाही. डोक्याला साबण लावून तशाच बसून राहिल्या म्हणे."

"दोनच लाइनी आहेत, साहेब. आणि त्यातली एक आपल्या बातमीबाईंच्या परमभक्ताने अडवलेली असते."

"कुणाच्या?" तिने मान वर केली.

"तुमच्या. एकच नंबर आहे. घरचा फोन. बातम्या लागल्या की हा इसम माळ जपायला बसतो. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच." त्यांनी नंबराचे शेवटचे चार आकडे सांगितले. "ओळखीचा आहे का?"

पाढ्यांच्याही आधी तिला तो नंबर पाठ झाला होता. हरवलीस तर हा सांगायचा, असं आईने घोकून घेतलं होतं.

"नाही बाई," ती म्हणाली.

"पत्रकार असेल," साहेब म्हणाले.

"आपल्या बातम्यांत पत्रकाराला काय मिळणार? हिरवी छत्री?"

"मग असेल कुणी रिकामटेकडा."

सगळे हसले. तीही हसली, आणि सगळ्यांत शेवटी थांबली.

तारमास्तरांकडे उपाय तयार होता. एका नंबरावरून आठवड्यात तीनदा ऐकून झालं की चौथ्यांदा नुसता एंगेज वाजेल, अशी सोय करता येत होती. साहेबांना केवढं बरं वाटलं. "करून टाका, आजच," ते म्हणाले, आणि मग सभ्यपणे तिच्याकडे वळले. "तुमची हरकत नाही ना? भक्त तुमचा आहे."

"माझी कशाला हरकत?"

आता कुणी म्हणेल, एवढं काय अवघड होतं? तो फोन माझ्या आईचा आहे, एवढं एक वाक्य. आठवड्याला पानभर वाचणाऱ्या बाईला एक वाक्य जड का व्हावं? पण त्या वाक्यामागे दुसरं उभं होतं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की बातमीबाई रोज संध्याकाळी आईला फोन करते. तिनेच सांगितलं होतं, कुणाच्या तरी सासूचा विषय निघाला तेव्हा. मग ज्या आईला लेक रोज फोन करते, तिला लेकीचा आवाज ऐकायला पालिकेचा नंबर का फिरवावा लागतो, असं कुणी विचारलं असतं तर? तारमास्तरांनी विचारलंच असतं.

फोन ती करायची नाही. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. आईचे प्रश्न तीन असायचे. जेवलीस का? झोप होते का? कधी येतेस? तिसऱ्याला तिच्याकडे उत्तर नसायचं, त्यामुळे पहिल्या दोन्हींचीही चोरी झाली होती. वर एकदा तिने सांगूनही टाकलं होतं, "आई, ऑफिसात असताना फोन करत जाऊ नकोस, मीच करते." आईने ऐकलं. आई नेहमीच ऐकायची. फक्त कधी बातम्यांत आवाज बसलेला वाटला तर तेवढ्यापुरता नियम मोडायची: "घसा धरलाय तुझा. कोमट पाणी पी. ठेवते." मग तिचं उत्तर येण्याआधी फोन ठेवायची, लेकीचा वेळ मोडू नये म्हणून.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिचा मोबाइल टेबलावर थरथरला. 'आई'. ठसका ऐकला असणार. तारमास्तर समोरच उभे राहून साहेबांना सांगत होते, "झालं काम, बसवली सोय." तिने मोबाइल पालथा घातला. तो थरथरत थरथरत कागदांच्या गठ्ठ्यापर्यंत सरकला आणि थांबला.

उद्या करू, तिने ठरवलं. शुक्रवारी बैठक लांबली. शनिवारी कपडे होते, रविवारी थकवा. सोमवारी सकाळी मोबाइल पुन्हा वाजला आणि आईचंच नाव पाहून या खेपेला तिने लगेच उचलला. बोलत होत्या शेजारच्या मावशी.

आई शिवणाच्या मशीनवर डोकं टेकून गेली होती. आजार नाही, काही नाही. चाकावर हात तसाच होता, सुईखाली कुणाच्या तरी उशीचा अभ्रा.

माणसं आली, माणसं गेली. जे करायचं ते झालं. बुधवारी दुपारी घरात ती आणि मावशी दोघीच उरल्या. ती हात धुवायला मोरीत गेली तर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बादल्या काठोकाठ. पिंप भरलेलं, पातेली भरलेली, कपडे भिजवायचा टब भरलेला, आणि त्याच्या कडेला दुधाचं रिकामं भांडंसुद्धा भरून ठेवलेलं.

"मावशी, इथे पाणी गेलं होतं का?"

"छे गं. आपल्याकडे कुठे जातं?" मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "तू सांगितलंस ना बातम्यांत, शनिवारी पाणी नाही म्हणून. ती भरायची. मी म्हणायची, अगं, ते नदीपलीकडे, आपला काय संबंध? तर म्हणायची, पोरगी घसा कोरडा करून सांगते, कुणीतरी ऐकायला नको?"

मावशींना बोलायचं होतं, आणि त्यांना अडवणार तरी कोण.

"फोन मोठ्या आवाजावर ठेवायची, मशीनशेजारी. तू नमस्कार म्हणालीस की हात थांबवायची आणि म्हणायची, बोल. तू बोलायचीस, ही उत्तरं द्यायची. कठडा बसला म्हणालीस, तर ही म्हणे, बरं झालं बाई, तिथे म्हातारी माणसं जातात. जुळ्या मुलींची बातमी ऐकून दोन झबली बेतायला घेतली होती. पत्ता तुला विचारणार होती." मावशींनी पदराने डोळे टिपले आणि मधेच हसल्या. "आणि परवाच्या शनिवारी काय खूश होती सांगू. मला हाक मारून बोलावलं. म्हणाली, ऐका, ऐका. फोन माझ्या कानाला लावला. नुसतं टूं टूं टूं. मी म्हटलं, एंगेज आहे. तर म्हणाली, तेच तर! आमच्या बातमीबाईच्या बातम्या ऐकायला आता इतकी गर्दी होते की मलासुद्धा नंबर लागत नाही. दोन दिवस झाले, लागतच नाही. गावभर सांगत सुटली होती."

इथे तरी तिने बोलायला हवं होतं. मावशी काही ऑफिसातल्या नव्हत्या, चार शब्द बोलून पुन्हा चहा टाकायला गेल्या असत्या. पण तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. मान हलवली. मावशींना वाटलं, दुःखाने बोलवत नाही.

मावशी गेल्यावर ती मशीनपाशी आईच्या स्टुलावर बसली. फोन हाताच्या अंतरावर होता. बातमीचा नंबर फिरवला आणि लगेच एंगेज लागला. अर्थातच. या घरचे तीन कधीच वापरून झाले होते. ती बराच वेळ ते टूं टूं ऐकत बसली. आईने यात गर्दी ऐकली होती. नदीपलीकडची बाई, रोलरवाले काका, खांबावरचे वायरमन, सगळे रांगेत उभे, आणि रांगेच्या टोकाला आपली लेक. तिने कान देऊन पाहिलं. तिला काही ऐकू आलं नाही.

भरलेलं पाणी ओतून द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने त्यातल्याच एका बादलीने अंघोळ केली. बाकीचं तसंच ठेवून घराला कुलूप लावलं.

गुरुवारी ती कामावर आली तेव्हा साहेब उठून उभे राहिले. या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगतो, म्हणाले. ती म्हणाली, मी वाचते. त्यांनी संकोचाने एक कागद पुढे केला. कर्मचाऱ्यांच्या घरच्या दुःखद वार्ता बातम्यांत द्यायचा प्रघात होता, आणि ही तर घरचीच. 'आमच्या सहकारी बातमीबाई यांच्या मातोश्रींचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या प्रेमळ व मनमिळाऊ होत्या. पालिका परिवार त्यांच्या दुःखात सहभागी आहे.' तिने पेन्सिलीने 'अल्पशा आजाराने' खोडलं आणि खाली गेली.

तारमास्तरांनी खुर्ची पुसून ठेवली होती, पाण्याचा पेलाही. शोक करायला माणसाकडे शब्द नसले की तो कामाचं बोलतो, तसं ते कामाचं बोलू लागले.

"लाइन आता अगदी मोकळी आहे, बघा. या आठवड्यात एकही तक्रार नाही. आणि तुमचा तो भक्त, चांगला चिवट निघाला. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, एंगेज वाजतोय तरी लावतोच आहे. सोमवारपासून मात्र गप्प. एवढा काल दुपारी एकदा लावला, तेवढंच." ते थांबले. तिला हसवायला म्हणून म्हणाले, "लाज वाटली असेल शेवटी."

"हो," ती म्हणाली. "वाटली."

तारमास्तरांना ते थोडं चमत्कारिक वाटलं, पण त्यांनी यंत्राचं बटण दाबलं आणि बोट वर करून खूण केली.

तिने नमस्कार म्हटलं आणि सवयीने जरा थांबली. तेवढ्या वेळात पलीकडून 'बोल' येत असे, हे तिला आता माहीत होतं. मग तिने वाचायला सुरुवात केली. नदीपलीकडची टाकी स्वच्छ झाली आहे, पाणी नेहमीच्या वेळी येईल. रोलरवाल्या काकांनी चक्कर मारली, गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरवी छत्री अजून तशीच आहे. आवाज ठीक होता. तारमास्तर मान डोलावत होते.

मग साहेबांचा कागद आला. तिने पहिलं वाक्य वाचलं. 'त्या प्रेमळ व' एवढं वाचलं, आणि कागद टेबलावर पालथा घातला.

तारमास्तरांचा हात बटणाकडे गेला. तिने मान हलवून नको म्हटलं. हात तिथेच थबकला.

पडदे स्तब्ध होते. ती यंत्राच्या जरा जवळ सरकली, आई फोनवर बोलताना सरकायची तशी.

"आई," ती म्हणाली, "ऐकणारं कोण आहे ते मला नंबर ऐकला तेव्हाच कळलं होतं. मी ओळख दिली नाही. तुझा फोन आला तेव्हा मी समोरच बसले होते. आणि लाइनीवर गर्दी कधीच नव्हती, आई. नंबर बंद करायला मी हो म्हटलं होतं."