पाय काढू का?

देवळाच्या दाराशी चपला सांभाळण्यात मावशीचा जन्म गेला. माणूस कसा आहे ते ती चेहऱ्याआधी पायांवरून ओळखत असे. एकदाच चुकली, आणि ती चूक शेवटपर्यंत हसत सांगत राहिली.

साठीचा परदेशी पाहुणा काठी टेकत आला तेव्हा साडेअकरा झाले होते. बाराला देऊळ बंद होई. त्याची बायको आपल्याकडची, त्यामुळे भाषा बरी होती.

"ती लहानपणी इथे यायची," तो म्हणाला. "गेल्या वर्षी वारली. माझ्या देवापुढे एकदा उभे राहून या, म्हणाली होती. आज चारची गाडी आहे."

त्याने एक कापडी बूट काढून फळीवर नीट ठेवला. दुसऱ्याकडे बघत घुटमळला आणि हळूच म्हणाला, "मावशी, पाय काढू का?"

मावशीला वाटलं, एवढ्या लांबून आला आणि दारातून परत निघाला. ती फणकारली, "काढा की. कुणी बांधून ठेवलंय?"

पाहुणा पायरीवर बसला, विजार वर केली आणि कृत्रिम पायाचे पट्टे सोडू लागला. मावशीच्या हातातला बिल्ला गळून पडला.

"अहो, थांबा. आमच्यात पाय काढणं म्हणजे निघून जाणं."

"असं? बायकोने हे शिकवलं नाही."

"कशी शिकवेल? तुम्ही जावं असं तिला वाटायला हवं ना. नुसता बूट काढा."

"हा पाय बुटाच्या उंचीवर बसवलाय. बूट काढला की टाच खाली जाते, मी मागे पडतो. त्यापेक्षा काठीवर एका पायाने जातो."

मावशीने पुजाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, पादत्राण बाहेर. नियम तुम्हीच लोकांना सांगता."

"सांगते. पण जे काढल्यावर माणूस उभा राहत नाही, ते पादत्राण की पाय?"

पुजाऱ्याने डोकं खाजवलं. "पाय म्हणावा लागेल."

"मग पायाचा नियम काय? धुऊन आत जायचं."

पाहुण्याने नळाखाली उघडा पाय धुतला. मग मावशीच्या घासणीने बुटाचा तळ असा घासला, की पुजारीच म्हणाला, "पुरे आता, बारा वाजतील."

मावशीने एका बुटाचा बिल्ला दिला. तिच्या इतक्या वर्षांत तो पहिलाच.

पाहुणा बाहेर आला तो डोळे पुसत. देवळाच्या फरशीवर एका पावलाची आणि एका बुटाची ओली रांग गाभाऱ्यापर्यंत गेली होती. पुजाऱ्याने ती पुसली नाही, तशीच वाळू दिली.

बूट चढवून पाहुण्याने हात जोडले. "मावशी, आता पाय काढू?"

"आता काढा," मावशी म्हणाली. "पट्ट्यांना मात्र हात लावू नका."