दीड वाजताची लाईट

माझ्या नऊ मिनिटांच्या फिल्ममध्ये बावीस सेकंदांचं एक स्लो मोशन होतं. राईस मिलच्या अंगणात माझी आई, निर्मलाबाई, सुपाने कोंडा पाखडते आहे, मागून ऊन येतंय आणि कोंडा हळूहळू खाली उतरतोय. आम्हाला शिकवणारे चंद्रशेखर सर म्हणाले होते, "रुचिका, हे काढून टाक. साधा कट मार. मशीनला झेपायचं नाही." मी ऐकलं नाही. तेवढी अक्कल असती तर ही गोष्ट सांगायची वेळच माझ्यावर आली नसती.

ही २००८ च्या एप्रिलमधली गोष्ट. गोंदियाच्या एका कम्युनिटी कॉलेजात टीव्ही आणि व्हिडिओ प्रॉडक्शनचा एक वर्षाचा डिप्लोमा निघाला होता. आम्ही सात जण, कॅमेरा एक आणि कॉम्प्युटरही एकच. पहिले दोन महिने तर कॅमेरा कपाटातच होता. सरांनी पुठ्ठ्याच्या चौकटी कापून दिल्या आणि म्हणाले, यातून बघायला शिका. आम्ही कुडव्याच्या रस्त्यावर डोळ्यासमोर पुठ्ठे धरून उभे राहायचो आणि स्कूटीवरचे लोक ओरडून जायचे, "क्या मॅडम, कॅमेरा घर पे भूल गए क्या?" मला राग यायचा. पण त्या पुठ्ठ्यातून मी माझं जग पहिल्यांदा नीट पाहिलं, हेही खरं.

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक फिल्म करायची होती. मी राईस मिलमधल्या बायांवर केली. बावीस तारखेला पाच वाजेपर्यंत डीव्हीडी कॉलेजात पोचली पाहिजे होती. नागपूरहून परीक्षक येणार, बघणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. पुढच्या वर्षी परीक्षा देऊ म्हणावं तर पुढच्या वर्षी कोर्सच नव्हता, आमची बॅच पहिली आणि शेवटची. गोंदियातला एक केबल चॅनेलवाला मला कॅमेऱ्यावर घ्यायला तयार होता, पण म्हणाला, आधी डिप्लोमाचा कागद आणा. मुलगी कॅमेरा धरते म्हटल्यावर त्याला कागदाचा आधार हवा होता. मला तर त्या कागदाशिवाय दुसरं काहीच दिसत नव्हतं. तो नाही मिळाला तर आईच्या शेजारी सूप घेऊन बसायचं, एवढं स्वच्छ होतं.

परीक्षेच्या आठवड्यातच कॉलेजचा कॉम्प्युटर बसला. सरांच्या स्टुडिओत लग्नसराई चालू होती, तिथली मशीनं मोकळी नव्हती. शेवटी त्यांनी अडगळीतलं एक जुनं मशीन दिलं. मी ते एसटीत मांडीवर घेऊन दवनीवाड्याच्या पुढच्या आमच्या गावी आणलं. देताना सरांनी एकच गोष्ट बजावली. "यात एका लग्नाचं सगळं शूटिंग आहे. चालू मशीनमध्ये लाईट गेली तर हार्ड डिस्क जाते, माझी एक अशीच गेली. लाईट जायच्या पाच मिनिटं आधी बंद करायचं. शब्द दे." मी शब्द दिला.

आता लाईटचं सांगते. तेव्हा भारनियमन होतं. आमच्या गावात सकाळी दहाला लाईट यायची, दुपारी दीडला जायची, ती सहाला परत. रात्री असायची, पण इतकी मरतुकडी की मशीन सुरूच व्हायचं नाही. आणि दीड वाजता ती लाईट घालवणारा माणूस म्हणजे माझे बाबा, बकाराम. गावाबाहेरच्या सबस्टेशनवर ते ठेकेदाराकडून ऑपरेटर होते. अकरा वर्षं झाली होती, पण नोकरी कच्चीच. गोंदियाहून फोन येतो, एवढा लोड कमी करा, आणि ऑपरेटर वेळापत्रकाप्रमाणे एकेका फीडरचा, म्हणजे तीनचार गावांच्या लाईनचा, स्विच पाडतो. बाबांचा दीड म्हणजे दीड. एकोणतीस नाही की एकतीस नाही. पाटलाच्या घरी लग्न असो की आमच्या घरी बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम. लोक लाईट गेली की घड्याळ लावून घ्यायचे.

फिल्म जोडून झाली की कॉम्प्युटर सगळे तुकडे शिवून एक अखंड फाईल करतो, त्याला रेंडर म्हणतात. मध्येच थांबलं तर सगळं उसवतं आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात. बावीस तारखेला दहा वाजून दोन मिनिटांनी मी रेंडर लावला. मशीन म्हणालं, तीन तास दहा मिनिटं. म्हणजे सव्वाएकपर्यंत काम फत्ते. मी न्हाले, बसने जायचे कपडे घातले, कोऱ्या डीव्हीडीवर स्केचपेनने माझं नाव लिहिलं.

मग ते स्लो मोशन आलं. टक्का एकतीसवर जो थांबला तो तासभर हलेचना. उरलेला वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. बारा पन्नासला मशीन सांगत होतं, अजून एक तास वीस मिनिटं. म्हणजे दोन वाजून दहा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी सबस्टेशनला फोन लावला.

"बाबा, आज लाईट पंचेचाळीस मिनिटं उशिरा बंद करा."

"काऊन?"

"फिल्म अडकली आहे. दोन दहाले पुरी होते. नाही झाली त माझं वर्ष गेलं, बाबा. सगळंच गेलं."

पलीकडे नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तसं नाही होत, माय. वरून जेवढा लोड सांगतेत तेवढा पाडाच लागते. आपला चालू ठेवला त त्या बाजूच्या गावायचा बंद करा लागन."

"मग करा ना! एक दिवस!"

"दुसऱ्याची लाईट उचलून आपल्या घरी आनू का मी? ठेव फोन."

मी फोन ठेवला नाही. मी म्हटलं, "अकरा वर्षं लोकायच्या घरी अंधारच करून राहिले तुम्ही. आपल्या घरी कधी उजेड आनला का?"

फोन त्यांनी ठेवला.

मला त्या बोलण्याची तेव्हा लाज वाटली नाही. मला फक्त टक्के दिसत होते. एकला पासष्ट. एक वाजून दहाला एकाहत्तर. मी स्क्रीनपुढे हात जोडून बसले. आमच्या घरात बाबासाहेब आणि बुद्धाशिवाय कुणाचा फोटो नाही, नवस-सायास नाहीत, पण मी त्या दिवशी मशीनला नवस बोलले. ऐकलं असतं तर नारळही फोडला असता. एक वीसला एकोणऐंशी.

एक पंचवीसला एक्क्याऐंशी टक्के होते. पंचेचाळीस मिनिटं बाकी. सरांना शब्द दिलेला होता, कुणाच्या तरी लेकीचं लग्न त्या डिस्कमध्ये होतं, आणि बाबा नाही म्हणाले होते. बाबांचं नाही म्हणजे दगडावरची रेघ. मी कॅन्सल दाबलं. मशीनने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. मग मशीन रीतसर बंद केलं, प्लग काढला आणि तिथेच जमिनीवर बसून रडले.

दीड वाजला. पंखा फिरत होता.

एक पस्तीस झाले, तरी पंखा फिरत होता. मला वाटलं घड्याळ पुढे आहे. मोबाईलमध्ये पाहिलं, तिथेही एक पस्तीस. शेजारच्या केशोरावांच्या घरात टीव्ही चालूच होता आणि ते बायकोला म्हणत होते, "आज बकारामची तब्येत बरी नाही का वं?"

एक चाळीसला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी केलं होतं. फोनवर नाही म्हणाले, आणि केलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. दैव आम्ही मानत नाही, इथे दोन्ही कामं घरच्याच माणसांनी केली होती. पुन्हा रेंडर लावायचा तर शून्यापासून, चार तास, आणि माझ्याकडे होती अर्धा तास लाईट. ती माझ्या काहीच कामाची नव्हती. पण तिच्यासाठी तिकडे दुसऱ्या गावांचा स्विच पडलेला होता आणि माझा बाप त्या स्विचजवळ उभा होता.

मी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. तासाभरापूर्वी लाईट ठेवा म्हणून भांडले होते, आता मला एवढंच सांगायचं होतं, बाबा, बंद करा, आत्ताच्या आत्ता बंद करा. अकरा वेळा लावला. गोंदियाचे लोक तिकडे ओरडत असणार, फोन मोकळा कसा मिळेल? मी चप्पल न घालताच निघाले. सबस्टेशन दीड किलोमीटर. एप्रिलचं डांबर पायाला चिकटत होतं. वाटेत घराघरांतून पंख्याचे, टीव्हीचे आवाज येत होते, आटाचक्की चालू होती आणि चक्कीवाला दारात उभा राहून ओरडला, "सांगजो बकारामले, अशीच राहू दे म्हनाव!" मला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि ते थोबाड माझंच होतं.

गेटपाशी पोचले आणि मागे आटाचक्कीचा आवाज थांबला. सव्वादोन. मिनिटाला मिनिट.

आत वीज कंपनीची जीप उभी होती. बाजूच्या गावांतले दहाबारा लोक कंट्रोल रूमच्या दारात दाटले होते. "चोर आहे हा! आमची लाईट चोरली यानं!" असं एक जण माझ्या बापाला म्हणत होता. अकरा वर्षांत बाबांना खडूस म्हणाले असतील, अडेलतट्टू म्हणाले असतील, पण चोर कुणी म्हटलं नव्हतं. मी लोकांना ढकलत आत शिरले. टेबलामागे इंजिनिअर साहेब बसले होते आणि बाबा त्यांच्यासमोर उभे होते. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता.

मला पाहून बाबांनी बाकी सगळं सोडून एकच विचारलं, "झालं का?"

मी दीड किलोमीटर हेच सांगायला धावत आले होते, की नाही झालं, मी आधीच बंद केलं, तुमच्या 'नाही'वर विश्वास ठेवला म्हणून बंद केलं. सगळं ओठावर होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे असे माझ्याकडे लागले होते, लहान मूल खाऊच्या पिशवीकडे बघतं तसे. मला ते बघवेना.

"झालं, बाबा."

"पुरी?"

"पुरी झाली."

ते साहेबांकडे वळले. "आता करा साहेब, काय कराचं ते."

साहेबांनी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "बकाराम, उद्यापासून येऊ नका. ठेकेदाराला मी कळवतो. काय केलं आणि कशासाठी केलं, ते तुमच्या हाताने लिहा."

बाबांनी पेन उचलला. वहीचं पान सरळ केलं. त्यांनी पेन माझ्यापुढे धरला.

"तू लिही, माय. तुहं अक्षर चांगलं आहे. आन लवकर लिही, तीनची गाडी सुटन तुही. तुले डीव्हीडी द्याची आहे ना?"

मी पेन घेतला. बाबा सांगत गेले, मी शुद्ध मराठीत लिहीत गेले. दुपारी दीड वाजता बंद करावयाचा फीडर सव्वादोन वाजता बंद केला. त्या वेळात दुसरा फीडर बंद ठेवला. यात इतर कोणाचा दोष नाही. कारण, मुलीच्या परीक्षेचे काम.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"थांबा साहेब," बाबा म्हणाले. "पुढं लिही, काम पुरं झालं. लिही ना, माय. वाया नाही गेली म्हना लाईट."

मी लिहिलं, काम पूर्ण झाले. बाबांनी माझ्या हातातून पेन घेतला आणि त्याखाली सही केली.