नव्या पेठेतली देवी

"मावशी, हा देव कधीपासून आहे इथे?" मोजणीवाल्याने विचारलं आणि गिरजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. शेंदराने लाल झालेला हात तिने पदराखाली दडवला.

"लई जुना हाय," ती म्हणाली.

बांधावरच्या त्या दगडाखाली देव नव्हता, तिची लेक होती. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. नवऱ्याने, कोंडाजीने, तिला तिथे पुरलं होतं. आता निगडीकडची ही रानं सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती. शेत गेलं ते गेलं, पण लेकीच्या हाडांवरून यंत्र फिरेल या धास्तीने बाईची झोप उडाली. देवाला हात लावायला साहेबलोकही कचरतात असं तिने ऐकलं होतं, म्हणून सकाळीच जाऊन शेंदूर फासला. कोंडाजीला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. मेलेल्या पोरीचा देव केलास, हे पाप कुठे फेडशील, म्हणाला आणि मरेपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही.

रस्ता मात्र दगडाला वळसा घालून गेला. प्लॉट पडले, बंगले उठले, रानाला पेठेचा नंबर मिळाला. गिरजाबाई त्याच बंगल्यांत धुणीभांडी करू लागली. लोक दगडाला देवी म्हणू लागले, नारळ फोडू लागले. दर नारळाला हिच्या काळजात धस्स व्हायचं. पेठेत कुणाचं वाईट झालं की वाटायचं, हे आपल्याच पापाने.

एके दिवशी प्रभावतीने, जिच्याकडे ती भांडी घासायची त्या बाईने, तापाने फणफणलेलं मूल उचलून थेट दगडापुढे ठेवलं. गिरजाबाई धावत आली.

"उचला त्याला, ताई. हितं न्हाई ठेवायचं. आधी दवाखान्यात न्या."

तिचा चेहरा पाहून प्रभावती घाबरली आणि दवाखान्याकडे धावली. मूल वाचलं. आठवड्याने ती खणानारळाची ओटी घेऊन दगडाशी आली. त्या दिवशी तुमच्या तोंडून देवीच बोलली, गिरजाबाईला म्हणाली. इथे छोटं देऊळ बांधायचं ठरलंय, पाटीवर नाव हवं.

"काय नाव हो देवीचं?"

आता खरं सांगून मोकळं व्हावं असं गिरजाबाईला वाटलं. पण सांगितलं तर हे लोक उद्याच दगड उपटतील. आणि नाव? बारशाआधीच गेलेल्या पोरीला कुणी नाव ठेवलंच नव्हतं.

ती खाली वाकली. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तसं दगडाला तोंड लावून आधी लेकीला सांगितलं. मग प्रभावतीकडे न बघता म्हणाली, "कस्तुरा."